राहून गेलेला दुखवटा

आमच्याकडे माणूस गेलं की तेराव्यानंतर माहेरची मंडळी येतात. लेकीला नवी साडी नेसवतात, गोडाचा घास भरवतात, आणि त्यानंतर तिनं चार लोकांत जायला हरकत नाही असं ठरतं. याला दुखवटा काढणं म्हणतात. माझा दुखवटा काढायचा राहिला. दुसऱ्या लाटेत माझे यजमान गेले तेव्हा मी त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर ऑक्सिजनवर होते, रस्त्यांवर पोलीस होते, आणि वैजापूरला दादाच्या घरात तिघं जण अंथरुणावर होती. पुढे रस्ते सुरू झाले, पण तोवर कांद्याची लागवड आली, मग काढणी आली, आणि साडी राहून गेली. मला तिची आठवणही नव्हती. चार वर्षांनी एका रविवारी दादानं फोनवर सांगितलं, की मी आजारी आहे ती त्या साडीमुळे.

"आपल्या मामीनं बरोबर हेरलं," दादा म्हणाला. "दुखवटा अंगावरच राहिला तुझ्या. म्हणून तुला उठवत नाय."

"दादा, मला कोरोनानंतरचा त्रास आहे."

"कोरोना जाऊन किती वर्सं झाली, बाई?"

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की आता तो कानावर आला तरी मला खुर्ची शोधावीशी वाटते. दादाला उत्तर नकोच होतं. त्यानं पुढचं सगळं ठरवून ठेवलं होतं. पुढच्या गुरुवारी तो आणि वहिनी येणार, दुखवटा काढणार, आणि जाताना मला वैजापूरला घेऊन जाणार. नोकरी बास झाली. फ्लॅट भाड्यानं देऊ. एकटं राहून राहून दुःख मुरतं आणि माणूस असा आडवा होतो. घरात दहा माणसं असली, की आपोआप उभं राहशील.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मला शिकवायचं की नाही यावर घरात वाद झाला, तेव्हा तो माझ्या बाजूनं बोलला होता. त्याला तोंडावर नाही म्हणणं मला आयुष्यात जमलेलं नाही. पण हा फ्लॅट आम्ही दोघांनी घेतलेला, इथल्या भिंतीत यजमानांनी स्वतः ठोकलेले खिळे आहेत, आणि ग्रंथालयातली नोकरी बावीस वर्षांची. दोन्ही माझ्या हातून जाणार होतं, आणि तेसुद्धा चुकीच्या कारणासाठी.

मला काय होतं ते एकदा नीट लिहून ठेवते, कारण बोलून सांगायला गेलं की समोरचा माणूस तिसऱ्या वाक्याला सल्ला द्यायला लागतो. दवाखान्यातून घरी आले तेव्हा मी बरी झाले होते. तसं कागदावर लिहिलं होतं. ताप नव्हता, खोकला नव्हता. दोन महिन्यांनी कामावर रुजू झाले. आमच्या कॉलेजचं ग्रंथालय दोन मजली आहे, पुस्तकांची मांडणी वरच्या मजल्यावर. पहिल्या दिवशी मी पाच-सहा वेळा जिना चढले, परत आलेली पुस्तकं जागेवर लावली, आणि ठीक होते. दुसऱ्या दिवशी जरा जड वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मला उठता येईना. पाय दुखत होते असंही नाही. अंगातलं काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं होतं. उठून बसलं की छाती धडधडायची, पडलं की थांबायची. वाचायला घेतलं, तर एकच ओळ तीन वेळा वाचायची आणि तिच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. दोन-तीन दिवसांनी ते आपोआप ओसरायचं. मी पुन्हा कामावर जायचे, पुन्हा जिना चढायचे, पुन्हा तेच.

आयुष्यभर ज्या बाईनं पुस्तकांशिवाय दुसरा नाद केला नाही, तिला दोन-तीन दिवस वाचता येत नाही, हे मी कुणाला सांगायचे तेव्हा लोक म्हणायचे, डोळ्यांना विश्रांती द्या.

डॉक्टरांचं सांगते. पहिले डॉक्टर तरुण होते आणि सुरुवातीला फार नीट ऐकत होते. लिहून घेत होते. मग त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं मॅडम?" मी म्हणाले, एकटीच, यजमान कोरोनात गेले. त्यांचं पेन तिथं थांबलं. तो क्षण मला अजून दिसतो. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि आवाज बदलला. छातीचा फोटो, रक्त, ईसीजी, सगळं त्यांनी केलं, आणि सगळं चांगलं निघालं.

"रिपोर्ट एकदम नॉर्मल आहेत. तुम्ही मन रमवा. भजनी मंडळ वगैरे आहे का जवळपास?"

"मला जिना चढल्यावर दोन दिवसांनी त्रास होतो," मी म्हणाले. "भजनाचा काय संबंध?"

"दुःख शरीरात उतरतं, मॅडम," ते हळुवारपणे म्हणाले, आणि झोपेची गोळी लिहून दिली. मला झोपेची काहीच अडचण नव्हती.

त्यानंतर मी एक गोष्ट केली. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सिडकोतल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना मी कपाळावर मोठी टिकली लावली आणि कपाटातलं मंगळसूत्र काढून घातलं. माझा विचार असा, की यांना माझं शरीर तेवढं दिसू दे. डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, "मिस्टर काय करतात?" आणि मी म्हणाले, "चितेगावला कंपनीत असतात, स्टोअरला." आवाज अजिबात कापला नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रिपोर्ट पाहिले, आणि म्हणाल्या, "वय काय तुमचं? पन्नास? मग पाळी जाण्याचे दिवस. होतं असं. कॅल्शियम सुरू करा." निघताना त्या असंही म्हणाल्या, "मिस्टरांना सांगा, थोडं घरात लक्ष द्या म्हणावं."

रिक्षात बसून मी टिकली काढली आणि पर्सच्या आतल्या बाजूला चिकटवली. मी स्वतःवर इतकी चिडले होते, की क्रांती चौक कधी गेला ते कळलं नाही. गेलेल्या माणसाला नोकरीवर परत पाठवून मी घरी काय आणलं, तर कॅल्शियमच्या गोळ्या.

मग मी मला जे येतं ते केलं. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद करायची असते. ते कधी आलं, कुठून आलं, कुठं गेलं. मी एक शंभर पानी वही घेतली आणि स्वतःची नोंद सुरू केली. आज काय केलं, आणि उद्या-परवा काय झालं. विशेषणं लिहायची नाहीत असं ठरवलं. चार महिन्यांनी वही उघडून बसले तेव्हा जे दिसलं, त्याला फार अक्कल लागत नव्हती. यजमानांच्या तिथीच्या पुढचे दिवस ठीक होते. लग्नाच्या वाढदिवसाच्या पुढचे दिवस ठीक होते. आणि दर आठ-दहा दिवसांनी दोन-तीन दिवस पार आडवे. ते दिवस कुठून येतात ते पाहिलं, तर प्रत्येक वेळी आदल्या किंवा त्याच्या आदल्या दिवशी नळाला पाणी आलेलं होतं.

बाहेरच्या वाचकासाठी सांगते. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. आठवडा उलटला की यायला पाहिजे असं आपण धरून चालतो, आणि कधी ते दहाव्या दिवशी येतं. आमच्या इमारतीत वापरायचं पाणी बोअरचं, ते वर टाकीत चढतं. प्यायचं नळाचं पाणी मात्र खाली पार्किंगमध्येच येतं. तिथून कॅन, हंडे, कळशा भरून ज्यानं त्यानं आपापल्या मजल्यावर न्यायच्या. मी दुसऱ्या मजल्यावर. यजमान होते तेव्हा ते दोन्ही हातांत दोन कॅन घेऊन चढायचे आणि मी वर ओतून घ्यायचे. आता खालच्या मजल्यावरच्या भाभी हाक मारतात, "मॅडम, पानी आया, जल्दी आओ," आणि मी खाली धावते. धावते म्हणजे त्या दिवशी खरंच धावता येतं. हीच तर गंमत आहे. त्या दिवशी मी दहा-बारा फेऱ्या करते आणि सगळे म्हणतात, बघा, चांगली तर आहे.

ही वही मी पहिल्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी चार पानं उलटली.

"किती बारकाईनं लिहिलंय," ते म्हणाले. "तुम्ही फार विचार करता स्वतःचा. हेच कमी करायचंय आपल्याला."

दादालाही फोनवर वाचून दाखवली. तो म्हणाला, "अशा वह्या लिहिल्यावर धडधाकट माणूस बी आजारी पडंल."

तर गुरुवारी सकाळी दादा आणि वहिनी आले. दादाच्या हातात साडीची पिशवी, वहिनींच्या हातात पुरणाचा डबा. घरून वाटूनच आणलं होतं. त्यांच्यामागं रिकामी मोठी बॅग होती, माझे कपडे भरायला. ती बॅग त्यांनी हॉलमध्ये कोचाशेजारी अशी ठेवली, की येता-जाता माझा पाय तिला लागावा. अजून चहा व्हायचा होता, तोच खालून भाभींची हाक आली.

"तुम्ही बसा," मी म्हणाले. "पाणी आलंय, भरून येते."

"बस तू," दादा म्हणाला आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. पण भाऊ पाणी वाहतोय आणि बहीण बसलीय, हे मला कसं जमणार. दोघंही वाहत होतो. चौथ्या फेरीला तो जिन्यात थांबला आणि घाम पुसत म्हणाला, "गावाकडं बाया कुठून कुठून डोक्यावर पाणी आणायच्या. आन् तू एवढ्याश्या जिन्याचं गाऱ्हाणं गातीस व्हय?"

"तू का थांबलास मग?"

"मी तुझ्यासाठी थांबलो."

खाली भाभी त्यांची बादली सरकवत म्हणाल्या, "मॅडम, तुमारे भाई आए तो आज पानी भी जल्दी आया." दादाला हे आवडलं. त्यानं त्यांचाही एक हंडा दाराशी नेऊन ठेवला.

दुपारी वहिनींनी पोळ्या केल्या. मला पाटावर बसवलं, साडी अंगावर घातली. राखाडीवर बारीक निळी फुलं होती. दादानं निवडलेली पांढरी साडी वहिनींनी दुकानातच बदलून घेतली होती, हे मला नंतर कळलं. वहिनींनी पुरणपोळीचा घास माझ्या तोंडात दिला. दादा बाजूला उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं होतं मी या सगळ्यावर वैतागेन. तसं झालं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या घरी केवळ यजमान गेले म्हणून आलं होतं. मला रडू येत होतं, पण मी रडले नाही, कारण चार वर्षं माझं रडणं पुरावा म्हणून वापरलं जात होतं. डोळ्यांत पाणी दिसलं की लोकांची खात्री पटायची, की हिला झालंय ते हेच.

संध्याकाळी मी चांगली होते. बोलत होते, हसत होते. दादा माझ्या तोंडाकडे बघून वहिनींना म्हणाला, "पाहिलं का? एका साडीत फरक पडला." मी म्हणाले, अरे, मी पाण्याच्या दिवशी नेहमीच चांगली असते, परवा बघ. तो म्हणाला, "परवा तू वैजापूरला असशील."

त्याला शुक्रवारी आणि शनिवारी कांदा मार्केटला न्यायचा होता, म्हणून तो पहाटे निघाला. वहिनी मागं राहिल्या. शुक्रवारी-शनिवारी त्या माझं सामान बांधणार, आणि रविवारी तो गाडी घेऊन येणार, असं ठरलं. खरं म्हणजे ठरवलं त्यानं. मी नुसती उभी होते.

शुक्रवारी वहिनींनी अर्धं स्वयंपाकघर पोत्यात भरलं. मी एकेक वस्तू हळूच परत बाहेर काढत होते. त्यांनी पाहिलं आणि पुढचा डबा भरायला घेतला. वहिनी तशा कमी बोलतात. लग्न होऊन आल्या तेव्हा मी कॉलेजात होते, आणि आमच्यात कायम एक अंतर राहिलं. मी पुस्तकवाली, त्या शेतातल्या. मला वाटायचं त्यांना माझं काही कळत नाही. त्यांनाही बहुतेक तसंच वाटत असावं.

शनिवारी सकाळी मला उठता आलं नाही. वहिनी चहा घेऊन आल्या. मी उठून कप धरायला गेले, तर हात अर्ध्यात खाली आला. त्यांनी कप बाजूला ठेवला, मला उशीला टेकवून बसवलं, तसं छाती धडधडायला लागली आणि मी पुन्हा आडवी झाले. वहिनींनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली. मग हात काढून घेतला आणि माझ्याकडे बघत जमिनीवर बसून राहिल्या. खूप वेळ. मला वाटलं आता त्याही म्हणणार, वन्सं, किती दुःख करून घेता.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "काल तर तुम्ही चालत होत्या."

"हो."

"परवा बारा खेपा पाणी आणलं. मी मोजत होते."

"हो."

"तवा दम लागला नाय. आन् आज हात उचलत नाय." त्यांनी माझा हात पांघरुणात घेतला. "एक बोलू का? राग नका धरू. माणसाला जनावराची उपमा देऊ नाही."

"बोला."

"आपल्याकडं तांबडा बैल व्हता. तुम्ही पाहिला नसंल, तुमचं लग्न झाल्यावरचा. त्याला लाळ्या-खुरकूत झालं. तोंडातून लाळ, खुरं सडली. आम्ही औषधपाणी केलं, बरा झाला. खुरं बी बरी, तोंड बी बरं, खायला लागला. आम्हाला वाटलं सुटलो. मग औताला धरला. सकाळी चांगला चालायचा. ऊन चढलं की थांबायचा. जीभ बाहेर, धापा टाकायचा, छाती अशी उडायची. आन् उठायचा नाय. पुढले दोन दिवस नुसता पडून. रोग तर गेलेला. लोक म्हणायचे, आळशी झाला, माजला. ह्यांनी त्याला मारलं बी. मग जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, की अहो, हा रोग गेला तरी काही जनावरं आतून तशीच राहतात. त्याला परत औताला धरू नका."

"मग काय केलंत?"

"नाय धरला. सकाळच्या वक्ताला वैरणीची गाडी तेवढी वढायचा, बांधापासून घरापर्यंत. किती चालायचं ते त्याचं त्याला कळायचं. थांबला की आम्ही बी थांबायचो. लई वर्सं जगला मग."

दोन डॉक्टर, छातीचे फोटो, रक्ताच्या तपासण्या, माझी शंभर पानी वही, आणि शेवटी मला काय झालंय ते कळलं कुणाला, तर माझ्या वहिनींना, एका बैलावरून. हसावं की चिडावं ते समजेना. म्हणून मी रडले. वहिनींनी त्या रडण्याचा काहीही अर्थ लावला नाही. त्या उठल्या, पोत्यातून तवा बाहेर काढला, आणि भाकरी टाकायला लागल्या.

दुपारी त्यांनी माझ्यासमोरच दादाला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, कारण त्यांचे हात पिठाचे होते.

"रविवारी गाडी आणू नका."

"का? काय झालं?"

"वन्सं येत नाहीत."

"तिला दे फोन. दुखवटा काढला आता, आजून काय राहिलं?"

"दुखवटा निघाला. तो निघाला म्हणूनच सांगते, हे दुखवट्याचं नाय. आपला तांबडा आठवतो का?"

पलीकडून मार्केटचा गलबला तेवढा ऐकू येत होता.

"तिला काय बैल म्हणतीस का तू?" दादा शेवटी म्हणाला.

"मी काय म्हणते ते तुम्हाला कळलंय."

"त्याला मी लई मारलं व्हतं," दादा म्हणाला. एवढंच. फोन बंद झाला.

मला वाटलं, झालं, आता तो येऊन म्हणेल, बाई, माझं चुकलं. असं म्हणणारा माणूस माझ्या माहेरी जन्माला आलेला नाही. रविवारी तो आला, पण गाडीत माझ्यासाठी जागा नव्हती. मागं एक लहान मोटर होती, शेतातल्या ठिबकचा उरलेला पाइप गुंडाळून ठेवला होता, आणि एक काळा प्लास्टिकचा ड्रम. वर येऊन त्यानं मला "कशी हायेस" एवढं विचारलं, आणि उत्तर न ऐकता गॅलरीत जाऊन खाली वाकून बघायला लागला. दिवसभर तो आणि एक प्लंबर खपत होते. पार्किंगमध्ये ड्रम, त्यात मोटर, तिथून पाइप भिंतीवरून माझ्या गॅलरीत. नळाचं पाणी ड्रममध्ये पडणार, बटण दाबलं की वर येणार. वायर भाभींच्या मीटरवरून घेतली, कारण माझ्या घरातून ती पुरत नव्हती. भाभी पदराआडून हसत म्हणाल्या, "भाईसाब, आप तो पूरा खेतच उठा के लाए." दादा म्हणाला, "विहीर तेवढी राहिली."

जाताना त्यानं ती मोठी बॅग उचलली. बॅग रिकामीच होती.

कॉलेजात मी ग्रंथपाल सरांना अर्ज दिला, की मला खालच्या मजल्यावर देवघेवीच्या टेबलावर बसू द्यावं. कारण म्हणून काय लिहावं यावर मी दोन दिवस घालवले. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं असतं तर त्यावर मानसिक ताण असं लिहिलेलं असतं, आणि ते मला सही करून स्वीकारायचं नव्हतं. शेवटी मी लिहिलं, की मला जिना चढता येतो, पण त्याची किंमत दोन दिवसांनी द्यावी लागते. सरांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, आणि विचारलं, "कोरोना जाऊन आता किती वर्षं झाली हो?" पण सही केली.

मी बरी झाले नाही, हे स्पष्ट सांगते. पाण्याचे दिवस आता सुखाचे जातात. पण साठापडताळणी असली, म्हणजे वर्षातून एकदा सगळी पुस्तकं काढून एकेक मोजायची असली, की आठवडा जातो. पाहुणे आले, एका दिवसात दोन ठिकाणी जावं लागलं, तरी जातो. मी सकाळच्या वेळी जेवढं होतं तेवढं करते आणि थांबते. थांबायला शिकणं हे कामाला लागण्यापेक्षा कठीण आहे, कारण थांबलेल्या बाईला विचारायला प्रत्येकाकडे प्रश्न तयार असतो.

आणि आता खरी चीड आणणारी गोष्ट. वैजापुरात सगळीकडे पसरलंय, की दुखवटा काढल्यापासून मी सुधारले. मामींनी हे दोन-तीन घरांत सांगितलं, आणि आता माझ्या नावानं कुणाकुणाचे राहिलेले दुखवटे काढले जातायत. भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मी साखरपुड्याला गेले, मांडवात खुर्चीवर बसले होते, तर एक अनोळखी बाई आल्या आणि माझ्या साडीचा पदर हातात घेऊन बघायला लागल्या. "हीच का ती साडी?" ती ती साडी नव्हती. मी तसं सांगायला तोंड उघडलं, आणि वहिनी शेजारून म्हणाल्या, "म्हणू द्या की, वन्सं. तुम्ही बसा." मी बसले. पण मला ते पटलेलं नाही. बावीस वर्षं पुस्तकं योग्य जागी ठेवणाऱ्या बाईला चुकीच्या कप्प्यात घातलेलं पाहवत नाही, आणि इथं मीच चुकीच्या कप्प्यात होते.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. भाचीच्या सासरची माणसं इकडे खरेदीला येणार होती, त्यांना माझ्याकडे दोन दिवस उतरवायचं होतं.

"तुमचं ते पुस्तकं मोजायचं कधी हाये?" त्यानं विचारलं.

"सोमवारी सुरू."

तो बोटांवर काहीतरी मोजत असावा. "मंगळवार जाईल. बुधवार, गुरुवार तू काय कामाची नाय. शुक्रवारी फोन बी करत नाय मी. पाहुण्यांना पुढच्या आठवड्यात पाठवतो."

"त्यांना कारण काय सांगशील?"

"सांगतो की घरात रंगकाम चाललंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आजारी हाये म्हणून नाय सांगायचं. लोकांना सांगून ठेवलंय ना मी, साडीनं गुण आला म्हणून."

मी त्याला विचारलं, की तुला स्वतःला काय वाटतं, साडीनं आला का?

"गुरुवारी जेवण भाभींकडून मागव," दादा म्हणाला. "चुलीशी उभी राहू नको."